मांचू राजपुत्राचं घराणं कागदावर कसं मांडायचं

छिंग, म्हणजे चीनचं शेवटचं, मांचू राजघराणं, त्यांच्या दरबाराबद्दल वाचायला घेतलं की पहिल्या चाळीस-पन्नास पानांतच गाडी अडते. नावं सगळी सारखी वाटतात, एकाच टायटलचे दोन-दोन प्रिन्स निघतात, कोणाचा मुलगा कोणाच्या नावावर लागलेला असतो, आणि मधेच एखादं तीन वर्षांचं पोर सम्राट होतं आणि त्याचे वडील चांगले जिवंत असतात, मग वडील सोडून मुलगा कसा काय, इथे डोकं फिरतं. मी असंच दोनदा वाचायचं सोडून दिलं होतं. तिसऱ्या वेळी एकच राजपुत्र निवडला, मोठा कागद घेतला आणि आधी त्याचं घर मांडलं, लढाया, तह, दरबार सगळं नंतर. मग जे कळायला लागलं ते कळतच गेलं. तीच पद्धत इथे सांगतोय, ज्याला करायचीय त्याने सोबत कागद घेऊनच बसा.

सुरुवातीला माणूस नीट निवडा. माझा सल्ला यिश्वान घ्या, म्हणजे पहिला प्रिन्स छुन. दाओग्वांग सम्राटाचा सातवा मुलगा, जन्म १६ ऑक्टोबर १८४०, मृत्यू १ जानेवारी १८९१, दोन्ही बीजिंगमध्ये. हा स्वतः कधी गादीवर बसला नाही, पण वडील सम्राट, भाऊ सम्राट, पुतण्या सम्राट, मुलगा सम्राट आणि नातू पण सम्राट, तो नातू म्हणजे शेवटचा सम्राट पुयी. छिंग घराण्याची शेवटची ६०-७० वर्षं या एका माणसाच्या घरातून दिसतात. त्याचा मोठा सावत्र भाऊ, सहावा मुलगा यिशिन, प्रिन्स गोंग, जास्त फेमस आहे, १८६० मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंचांशी तह त्यानेच केला, पण घराणं समजून घ्यायला यिश्वान बरा.

कागद आडवा ठेवा. पेन्सिल, खोडरबर, एक लाल पेन आणि एक काळं पेन. कॉम्प्युटरवर चार्ट करायचा असेल तर नंतर करा, पहिल्यांदा हातानेच, कारण यात खोडाखोड भरपूर होते.

आता नावं. आडनाव सगळ्यांचं एकच, आयसिन ग्योरो, ते एकदा वर लिहून टाका आणि विसरा. खरी किल्ली आहे नावातलं पहिलं अक्षर, ते पिढीचं असतं. दाओग्वांगची मुलं सगळी 'यि', नातवंडं 'त्साई', पणतू 'पु'. म्हणजे यिशिन, यिश्वान एका ओळीत, त्साईत्येन, त्साईफंग त्यांच्या खालच्या ओळीत, पुयी, पुज्ये त्याच्या खाली. कागदावर तीन आडव्या रेषा मारा आणि तीन अक्षरं डाव्या कडेला लिहा, अर्धा गोंधळ इथेच संपतो. आता याच्या पुढची गंमत जी मला फार आवडते, नावाच्या दुसऱ्या अक्षरात पण खूण असते. चिनी वाचता येत नसलं तरी चालेल, अक्षराचा डावा भाग नुसता चित्र म्हणून बघायचा. दाओग्वांगच्या बहुतेक मुलांच्या दुसऱ्या अक्षराला डावीकडे 'बोलणे' ही खूण, नातवांना पाण्याचे तीन थेंब, पणतूंना उभा माणूस. ही खूण फक्त जवळच्या घरांत, लांबच्या भाऊबंदांना नाही. उदाहरण बघा, १८६१ च्या सत्तापालटात त्साईयुआन नावाचा एक प्रिन्स येतो, प्रिन्स यी. नाव 'त्साई' म्हणून तुम्ही त्याला यिश्वानचा पुतण्या म्हणून लिहाल, पण त्याच्या अक्षराला पाण्याचे थेंब नाहीत, मातीची खूण आहे, म्हणजे तो लांबच्या शाखेतला. आणि वय बघाल तर पिढीने काका असलेला यिश्वान तेव्हा विशीत आणि हा 'पुतण्या' चाळिशी ओलांडलेला. त्यामुळे पिढी आणि वय या दोन वेगळ्या गोष्टी समजा, कागदावर ओळ पिढीप्रमाणे लावा, वय बाजूला लिहा.

मग रँक. इथे लोक सगळ्यांना सरसकट 'प्रिन्स' लिहितात आणि फसतात. सगळ्यात वर छिनवांग, त्याच्या खाली च्युनवांग, मग बेइले, मग बेइझ, आणि त्याखाली ड्यूकसारख्या पदव्या. नुसता मान नाही, पैशाचा पण फरक, छिनवांगाला वर्षाला १०,००० तएल चांदी, च्युनवांगाला ५,०००, बेइलेला २,५००, शिवाय तांदूळ वेगळा. तएल म्हणजे चांदीचं वजन, नाणं नाही. आणि नेहमीचा नियम असा की बाप छिनवांग असला तर गादी चालवणारा मुलगा एक पायरी खाली उतरतो, नातू अजून एक. काही मोजकी घरं सोडून. त्यांना 'लोखंडी टोपी' म्हणतात, म्हणजे टोपी पिढ्यानपिढ्या तीच राहणार, रँक उतरणार नाही. अशी सगळी मिळून १२ घरं, त्यातली ८ राज्य उभं केलं तेव्हाची आणि ४ नंतरची, आणि त्या नंतरच्या चारांत गोंग आणि छुन दोन्ही आहेत, म्हणजे दोन भावांचे वाडे एकाच पिढीत लोखंडी टोपीचे झाले, पण दोघांच्या आया वेगळ्या हे पण लिहून ठेवा. यिश्वान १८५० मध्ये च्युनवांग झाला, तेव्हा जेमतेम नऊ-दहा वर्षांचा पोर, १८७२ मध्ये छिनवांग, आणि मुलगा सम्राट झाल्यावर लोखंडी टोपी. त्याच्या चौकोनात ही शिडी एकाखाली एक लिहा, कारण पुस्तकात १८६० च्या पानावर वेगळी रँक आणि १८८० च्या पानावर वेगळी दिसते आणि माणूस दोन वेगळे समजतो. उलट पण होतं, 'प्रिन्स छुन' हे टायटल बापाचं पण आणि १८९१ नंतर मुलगा त्साईफंगचं पण. म्हणून टायटल कधीच एकटं लिहू नका, सोबत नाव पाहिजेच.

तारखांकडे पण जरा लक्ष द्या. चिनी कागदपत्रांत वर्ष सम्राटाच्या काळाप्रमाणे असतं, दाओग्वांग १२, ग्वांगशू १६ असं. दाओग्वांग १२ म्हणजे १८३२ असं आपण सरळ लिहून टाकतो, पण चांद्र वर्ष फेब्रुवारीच्या आसपास सुरू होतं, त्यामुळे अकराव्या-बाराव्या महिन्यातली तारीख पुढच्या इसवी सनात जाऊ शकते. यिशिनचा जन्म दाओग्वांग १२, अकरावा महिना, २१ तारीख, आणि ती होते ११ जानेवारी १८३३. यिश्वानचा मृत्यू पण तसाच, ग्वांगशू १६ चा अकरावा महिना, आणि इसवी सन मात्र १८९१ चा पहिला दिवस. वयाचं पण तसंच, जन्मल्यावर लगेच एक आणि प्रत्येक नवीन वर्षाला एक वाढतं, म्हणून जुन्या मजकुरात वय एक-दोन वर्षं जास्त दिसलं तर चूक समजू नका.

आता लाल आणि काळं पेन काढा. ही युक्ती मी त्यांच्याकडूनच घेतलीय. राजघराण्याची एक मोठी वंशावळ असायची, जेड रजिस्टर म्हणतात तिला, राजकुळाचं स्वतःचं ऑफिस ती ठेवायचं आणि साधारण दर १० वर्षांनी नवीन लिहून काढायचे. त्यात जिवंत माणसाचं नाव लाल शाईने आणि गेलेल्याचं काळ्या. आपण काय करायचं, एक वर्ष ठरवायचं आणि त्या वर्षी कोण लाल, कोण काळं ते रंगवायचं. मी १८७५ चा जानेवारी घेतला. यिश्वान लाल, ३४ वर्षांचा. त्याची आई, वूया घराण्यातली, काळी, १८६६ मध्येच गेलेली. थोरला भाऊ श्यानफंग सम्राट काळा, १८६१. पाठचा सख्खा भाऊ यिहे काळा, १८६८. श्यानफंगचा जगलेला एकुलता एक मुलगा तोंगझी सम्राट, १२ जानेवारीला गेला, वय १८, मूल नाही, त्याच्यावर त्या महिन्यातच काळी शाई. आणि यिश्वानच्या खाली पहिला मुलगा त्साईहान, १८६५ ला जन्मला आणि १८६६ ला गेला, काळा, आणि त्याच्या शेजारी एकच लाल नाव, त्साईत्येन, तीन वर्षांचा. हे रंगवून झालं तेव्हा मी बराच वेळ कागदाकडे बघत बसलो होतो. त्या महिन्यात त्या घरात एकच पोर होतं आणि तेच उचलून नेलं, हे वाचून कळतं पण रंगवल्यावर पोटात कालवतं.

बायकामुलांची नीट ओळ लावा, घाई करू नका. राजपुत्राची मुख्य बायको ती मुख्य फूजिन, मग दुय्यम फूजिन, मग त्याखालच्या. मुख्य बायको स्वतः निवडायची नसते, लग्न सम्राट ठरवून देतो. यिश्वानला श्यानफंगने दिलेली बायको म्हणजे येहे नारा वानचन, आणि ही कोण, तर श्यानफंगच्या बायकोची, म्हणजे पुढे जिच्या नावाने सगळं चीन हललं त्या त्सशीची, धाकटी सख्खी बहीण. दोन भावांना दोन बहिणी दिलेल्या. हे नातं कागदावर ठळक करा, पुढचं सगळं यावर उभं आहे. वानचनला चार मुलगे झाले, त्साईहान, त्साईत्येन, तिसरा नाव ठेवायच्या आत गेला, चौथा त्साईग्वांग १८८० ते १८८४. चारांतून मोठा झाला एकटा त्साईत्येन. दुय्यम फूजिन ल्यूजिया हिचे तीन, त्साईफंग १८८३, त्साईश्युन १८८५, त्साईताओ १८८७, हे तिघं जगले. मुलांच्या वर आईकडे जाणारी रेघ वेगवेगळी काढा, नाहीतर सगळे सख्खे वाटतात. आणि बायकांची नावं सापडली नाहीत तर हताश होऊ नका, रजिस्टरमध्ये बहुतेक ठिकाणी फक्त कुळ आणि बापाचं नाव असतं, तेवढंच लिहा.

आता दत्तक. हे सगळ्यात महत्त्वाचं. नियम माझा साधा आहे, रक्ताची रेघ सलग, दत्तकाची तुटक, आणि दोन्ही ठेवायच्या, एक काढली म्हणून दुसरी खोडायची नाही. तोंगझी गेला तेव्हा रीतीप्रमाणे खालच्या 'पु' पिढीतलं मूल त्याच्या नावावर दत्तक घेऊन बसवायला हवं होतं. तसं केलं असतं तर त्सशी आजी झाली असती आणि राजमातेचा अधिकार सुनेकडे गेला असता. म्हणून तिने 'त्साई' पिढीतलाच त्साईत्येन उचलला, आपल्या मेलेल्या नवऱ्याच्या, श्यानफंगच्या नावावर दत्तक. तोच ग्वांगशू सम्राट. तुटक रेघ यिश्वानच्या मुलापासून आडवी जाऊन श्यानफंगच्या खाली लावा. आता कागदावर बघा, तोंगझी आणि ग्वांगशू भाऊ झाले आणि त्सशी परत आईच राहिली. एका तुटक रेघेत आख्खं राजकारण दिसतं. दरबारातल्या लोकांना पण हे खटकलं होतं, १८७९ मध्ये वू ख-तू नावाच्या एका अधिकाऱ्याने याचा निषेध म्हणून जीव दिला.

निवड सांगितली तेव्हा यिश्वान रडत जमिनीवर कोसळला, त्याला उचलून न्यावं लागलं, असं तिथे हजर असलेल्यांच्या नोंदीत आहे. आनंद नाही, भीती. मुलगा आता त्याचा राहिला नव्हता, आणि बापाने मुलापुढे गुडघे टेकायचे की मुलाने बापापुढे, हा प्रश्न सुटत नाही, म्हणून त्याने लगेच सगळ्या पदांचे राजीनामे दिले. एवढंच नाही, पुढे कोणी 'सम्राटाच्या जन्मदात्याला सम्राटाचा मान द्या' अशी टूम काढली तर ती मानू नये असा अर्ज त्याने आधीच लिहून दिला. १८८९ मध्ये खरंच एकाने ती मागणी केली आणि त्सशीने तो १४ वर्षं जुना अर्ज बाहेर काढून दाखवला.

आता जी पायरी मराठी माणसालाच सगळ्यात सोपी जाते. इंग्रजी पुस्तकं सगळ्यांना कझिन, आंट, अंकल म्हणून मोकळी होतात. तुम्ही प्रत्येक रेघेवर मराठी नातं लिहा. तोंगझी आणि ग्वांगशू, बापांकडून चुलत भाऊ, आयांकडून मावसभाऊ, दोन्ही एकदम. ग्वांगशूला त्सशी कोण? बापाच्या बाजूने थोरली काकू, आईच्या बाजूने मावशी, आणि तुटक रेघेने आई. तीन शब्द एका बाईवर लिहिले की ती त्या पोरावर इतका हक्क का गाजवू शकली ते दिसतं. पुढे १८८९ मध्ये ग्वांगशूचं लग्न लोंगयूशी लावलं, ती त्सशीच्या भावाची मुलगी, म्हणजे ग्वांगशूची मामेबहीण. त्याला ती नको होती आणि तो संसार कधीच नीट झाला नाही. ग्वांगशू आणि त्साईफंग सावत्र भाऊ. पुयी ग्वांगशूचा पुतण्या, पण १९०८ मध्ये त्याला बसवलं तेव्हा तोंगझीच्या नावावर दत्तक, आणि सोबत ग्वांगशूचा पण वारस, म्हणजे दोन तुटक रेघा आणि एक सलग. हे चित्र एकदा हाताने काढा, नुसतं वाचून राहत नाही.

ल्यूजियाच्या रेघेवर जरा थांबा. तिचा धाकटा त्साईताओ आधी एका घरात दत्तक दिला, मग १९०२ मध्ये त्सशीच्या हुकमाने तिथून काढून दुसऱ्या घरात, म्हणजे त्या काळ्या शाईतल्या यिहेच्या नावावर लावला. त्साईश्युन पण बाहेर दिला. पोरं अशी हातातून गेल्यावर तिचं मन ठिकाणावर राहिलं नाही, घरातल्यांनीच ते पुढे सांगितलंय. १९०८ मध्ये दोन वर्षं नऊ महिन्यांच्या पुयीला न्यायला माणसं आली तेव्हा ही आजी बेशुद्ध पडली. चार्टमध्ये आज्या नेहमी कोपऱ्यात राहतात, तुम्ही तिला जागा द्या.

घराचा एक वेगळा चौकोन करा, कारण या लोकांत घर पण माणसासारखं बदलतं. ग्वांगशू जन्मला ते यिश्वानचं जुनं घर बीजिंगच्या नैऋत्येला. मुलगा सम्राट झाला की त्याचं जन्मघर राहायला चालत नाही, म्हणून सगळं कुटुंब उत्तरेला होउहाई तळ्याकाठी दुसऱ्या वाड्यात गेलं. त्या वाड्यात पुयी जन्मला आणि तो पण सम्राट झाला, म्हणजे परत घर सोडायची वेळ, तिसरा वाडा बांधायला पण घेतला होता पण तो पुरा व्हायच्या आत राज्यच गेलं. होउहाईच्या त्याच वाड्याच्या बागेत पुढे सोंग छिंगलिंग, म्हणजे सन यत-सेन यांच्या पत्नी, १९८१ पर्यंत राहिल्या आणि आज ते त्यांचं स्मारक म्हणून बघता येतं.

माणूस कसा होता हे पण दोन ओळींत लिहाच. यिश्वानच्या टेबलावर एक कलतं भांडं असायचं. रिकामं असलं की तिरकं, अर्धं भरलं की सरळ उभं, आणि काठोकाठ भरलं की उलटून सगळं सांडतं. खोलीचं नाव पण नम्रतेवरून ठेवलेलं. त्सशीने त्याला आणि बायकोला जर्दाळू-पिवळ्या रंगाची पालखी वापरायची परवानगी दिली, हा रंग म्हणजे मोठाच मान, पण तो त्या पालखीत बसला नाही. पण भित्रा म्हणून सोडून देऊ नका. १८६१ मध्ये, त्या सत्तापालटात, विशीत असताना रात्रीत बीजिंगजवळच्या मीयुनला जाऊन सूशुनला, म्हणजे श्यानफंगच्या मागे राहिलेल्या कारभाऱ्यांतल्या मुख्य माणसाला, पकडून आणणारा हाच. १८८५ पासून आरमाराचं खातं त्याच्याकडे होतं, १८८६ मध्ये दरबारातला बडा मंत्री ली होंगचांगसोबत उत्तरेच्या आरमाराची पाहणी केली, आणि त्याच काळात आरमाराचा पैसा त्सशीच्या उन्हाळी महालाकडे वळला, त्यात याची संमती होती. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा डाग आहे, आणि भीतीपोटी झाला म्हणून तो पुसायचा नाही. दोन्ही गोष्टी एकाच चौकोनात लिहा.

त्याची समाधी बीजिंगच्या पश्चिमेच्या डोंगरात आहे, लोक तिला सातव्या राजपुत्राची समाधी म्हणतात. तिथे एक जुनं प्रचंड गिंको झाड होतं. गिंकोच्या चिनी नावात 'पांढरा' हे अक्षर येतं, आणि पांढरा हे अक्षर वर आणि राजा हे अक्षर खाली लिहिलं की 'सम्राट' होतं. राजपुत्राच्या थडग्यावर पांढरा शब्द, म्हणजे या घरातून अजून सम्राट निघणार, असं कोणीतरी त्सशीच्या कानात घातलं आणि तिने झाड तोडायला लावलं अशी गोष्ट सांगतात. कागदावर गोष्ट म्हणूनच लिहा, कंसात टाका, पण लिहा, कारण लोक त्या घराकडे कसं बघत होते ते त्यातून कळतं.

खालच्या ओळी मग पटापट भरतात. त्साईफंग दुसरा प्रिन्स छुन, १९०१ मध्ये १८ वर्षांचा असताना जर्मनीला गेला, १९०० च्या बॉक्सर दंग्यात, म्हणजे परदेशी लोकांविरुद्धच्या उठावात, त्यांचा राजदूत फॉन केटलर मारला गेला त्याबद्दल खेद कळवायला, १९०८ ते १९११ मुलाच्या नावाने राज्य चालवलं, वारला १९५१ मध्ये. त्याची बायको योउलान ही त्सशीचा विश्वासू सरदार रोंगलू याची मुलगी, हे लग्न पण त्सशीनेच लावलं, आधी ठरलेलं मोडून. तिने १९२१ मध्ये अफू खाऊन जीव दिला. पुयी १९०६ ते १९६७, पुज्ये १९०७ ते १९९४, धाकटा सावत्र भाऊ पुरेन १९१८ ते २०१५. त्साईताओ तर १९७० पर्यंत होता, नव्या चीनमध्ये घोड्यांचा जाणकार म्हणून काम केलं त्याने.

आणि 'पु' ओळीनंतर माणसं सापडेनाशी झाली तर आयसिन ग्योरो शोधू नका. मांचू भाषेत आयसिन म्हणजे सोनं, चिनीत सोनं म्हणजे जिन, आणि १९१२ नंतर त्यांच्यातल्या खूप जणांनी आडनाव जिन लावलं. पुरेन पण बाहेर जिन योउझ्ह म्हणूनच ओळखला जायचा, शाळामास्तर होता. त्याच्या चौकोनात दोन्ही नावं लिहा.